दोन बोटे जागा

मित्रांनो, मी एक जुना गर्डर आहे, आणि खरे सांगायचे तर अर्धाच. माझा दुसरा अर्धा भाग दुसरीकडे कामाला आहे. मी मात्र मिस्त्रीच्या कारखान्याच्या अंगणात दोन दगडांवर आडवा पडलेला असतो. पोट खाली लोंबलेले, अंगावर करडे-निळे पापुद्रे, एका टोकाला गॅसने कापल्याची खरबरीत जखम. येणारा-जाणारा बघतो आणि हळहळतो, "अरेरे, आगीत सापडला बिचारा!"

बिचारा कोणाला म्हणता? माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. ऐकायला आला असाल तर बसा, माझ्याच पाठीवर बसा. अजून चार माणसांचे वजन मला जड नाही.

तुम्हाला वाटते, आग माझी वैरीण आहे. अहो, आग माझी आई आहे! कुणाची मोडकी सायकल, कुणाचे गंजलेले कपाट, एखाद्या शाळेचे जुने फाटक, असे सगळे टाकून दिलेले लोखंड एका भट्टीत गेले. सोळाशे अंशांची धग होती. तिथे सायकल सायकल उरली नाही, फाटक फाटक उरले नाही. सगळे एक होऊन पाण्यासारखे वाहू लागले. जुनी नावे गळून पडली आणि त्यातून मी झालो. मग लालभडक असतानाच मला मोठमोठ्या रुळांमधून दाबून काढले. वर एक रुंद पट्टी, खाली एक रुंद पट्टी, मध्ये उभा पाट आणि लांबी आठ मीटर. थंड झालो तेव्हा मला पहिली गोष्ट कळली. जो तापला तोच घडला. पुढे आयुष्यभर मला ती पुरली.

मला विकत घेऊन आला तो मिस्त्री. त्याला दुसरे नाव असेलच, पण मी कधी ऐकले नाही. लहानथोर सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. एका गादी कारखान्याच्या इमारतीत त्याने मला बसवले. खाली कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या, वर खोळी शिवायच्या. वरच्या मजल्याची सगळी जमीन माझ्या पाठीवर. माझे एक टोक मागच्या भिंतीत, दुसरे रस्त्याकडच्या भिंतीत, आणि त्या रस्त्याकडच्या भिंतीलाच धरून वर जायचा जिना.

मागचे टोक मिस्त्रीने घट्ट आवळले. रस्त्याकडचे टोक मात्र भिंतीतल्या खोबणीत एका लोखंडी पाटावर नुसते टेकवले. बोल्टचे भोक गोल न पाडता लांबट पाडले. आणि माझे टोक व खोबणीची मागची बाजू यांच्यामध्ये त्याने आपली दोन बोटे घालून बघितली. दोन बोटे बरोबर मावली, तेव्हा कुठे मान हलवली.

कारखान्याचा मालक खाली उभा होता. त्याला ती फट खुपली. "मिस्त्री, माप चुकलं की काय? दोन बोटं कमी पडलाय तुमचा गर्डर."

"कमी नाही पडला मालक, जागा ठेवलीय," मिस्त्री म्हणाला. "माणूस तापला की आवाज वाढतो, लोखंड तापलं की लांबी वाढते. दोघांनाही जागा द्यावी. नाही दिली तर भिंतीला धक्का बसतो."

मालक हसला. त्याचा स्वतःचा आवाज फार लवकर वाढायचा.

त्यानंतर मिस्त्रीने माझ्या अंगाभोवती तारेची जाळी गुंडाळली आणि तिच्यावर तीन बोटे जाडीचा गिलावा चढवला, अगदी टोकापासून टोकापर्यंत. हाताखालची माणसे चेष्टा करू लागली, "मिस्त्री, लोखंडाला थंडी वाजते होय? कोट कशाला?"

"थंडीसाठी नाही रे, उन्हासाठी," तो म्हणाला. "ज्या दिवशी ऊन लागेल त्या दिवशी कळेल."

तीस वर्षे मी त्या कोटात उभा राहून काढली. उभा म्हणजे आडवाच, पण तुम्ही समजून घ्या! कुणी माझ्याकडे मान वर करून बघितले नाही. छताची आठवण माणसाला गळायला लागल्यावरच होते. मला त्याचा राग नव्हता. वर सहा शिलाई यंत्रे चालत आणि त्यांची थरथर माझ्या पाठीतून जाई. मालकाची बायको, जिला सगळ्या शिवणाऱ्या बाया वहिनी म्हणत, यंत्राच्या तालावर देवाचे गाणे म्हणे. पहिली ओळ ती म्हणायची, दुसरी सगळ्या मिळून. कोपऱ्यात खुर्चीवर मालकाचे म्हातारे वडील, बाबा, बसलेले असत. त्यांचे गुडघे गेलेले होते, पण ठेका गेलेला नव्हता. काठी जमिनीवर, म्हणजे माझ्याच पाठीवर, टकटक वाजवत ते साथ करायचे. ती सगळी गाणी मला पाठ आहेत. लोखंडाला भक्ती कळत नाही असे कुणाला वाटत असेल तर वाटो. ज्याने आगीला धग दिली त्यानेच लोखंडाला धीर दिला, एवढे मला त्या सहा यंत्रांखाली राहून कळले.

मग आले मेहुणेबुवा. वहिनींचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही, पण हातात मापाचा टेप आला की त्याला जगात सगळे चुकलेलेच दिसायचे. कापसाचे गठ्ठे उचलायला त्याने एक विजेची घोडी, म्हणजे ओझे उचलणारे यंत्र, आणली. ती छतालगत रुळावर फिरायची, पण माझ्या कोटाला घासायची. तीन बोटे उंची कमी पडत होती.

"काढा हा गिलावा," मेहुणेबुवांनी सांगितले. "लोखंड ते लोखंड, त्याला कसले लाड?"

छिन्नी चालली. रस्त्याकडच्या टोकापासून मध्यापर्यंत माझा कोट उतरवला. मागचा अर्धा तसाच राहिला, कारण घोडी तिकडे जात नव्हती. उघड्या अर्ध्याला चकचकीत हिरवा रंग दिला. दिसायला मी तरणा झालो. लोक पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले, "वा, छान दिसतो!" मित्रांनो, जन्मात एकदाच स्तुती वाट्याला आली, तीही अंगावरचे कपडे काढल्याबद्दल.

तेवढ्यावर थांबतील ते मेहुणेबुवा कसले! भिंतीतली ती फट त्यांच्या नजरेस पडली. कापसाचा भुगा साठतो, उंदीर होतील, म्हणून सिमेंट कालवायला सांगितले. नेमका तेव्हाच मिस्त्री, आता पिकल्या केसांचा, खालच्या दाराची बिजागरी बदलायला आला होता. त्याने घमेले बघितले, माझे उघडे अंग बघितले आणि तो शिडी चढला. त्याने त्या फटीत आपली दोन बोटे घातली.

"भर सिमेंट," तो म्हणाला.

"मिस्त्री, बोटं काढा."

"नाही काढत. माझ्या बोटांसकट भर."

"अहो काय पोरखेळ आहे? खाली उतरा!"

"पोरखेळ तू केलायस. कोट काढलास, आता जागाही घेतोस? ह्याला तापायचं स्वातंत्र्यच ठेवणार नाहीस? बापरे, तीस वर्षांत मालक असं कधी बोलला नाही, आणि मालक काही गोड बोलणारा माणूस नव्हे!"

खाली माणसे हसू लागली. वर काठीची टकटक झाली. वहिनी जिन्यात येऊन भावाला म्हणाल्या, "राहू दे ना रे. दोन बोटांनी तुझं काय अडतंय?" घमेले परत गेले. फट राहिली.

कोटाचे मात्र मिस्त्रीला जमले नाही. मेहुणेबुवा म्हणाले, "पुढच्या महिन्यात नवीन लावतो, पातळ." तो महिना आला नाही. मिस्त्री तीनदा विचारून गेला. तिसऱ्या वेळी त्याला दाराबाहेरच सांगितले, "मालक जेवतायत."

एका दुपारी पिंजण यंत्रात कापसाबरोबर एक खिळा गेला. ठिणगी उडाली. कापसाला काय, तेवढेच पुरे. बघता बघता खालचे गठ्ठे पेटले आणि ज्वाळा सरळ माझ्या पोटाशी आल्या. खालची माणसे रस्त्यावर पळाली. वर सहा बाया, वहिनी आणि बाबा. उतरायला जिना एकच, आणि तिथपर्यंत जायचे म्हणजे माझ्या उघड्या पाठीवरूनच जायचे.

आता नीट ऐका, कारण ह्याच गोष्टीवरून पुढे माझ्यावर आणि माझ्या मिस्त्रीवर चिखल उडाला.

आधी माझा हिरवा रंग फोड येऊन जळाला. मग उघड्या अंगावर पिवळसर छटा आली, ती जांभळी झाली, मग निळी. तीनशे अंश. मला काही झाले नव्हते. चारशेपर्यंत माझी ताकद जवळजवळ शाबूत असते, ही फुशारकी नव्हे. पण आग वाढत होती. मी लांब होऊ लागलो. मागचे टोक आवळलेले, तेव्हा मी रस्त्याकडे सरकू लागलो. अर्धे बोट, एक बोट. त्या भिंतीच्या पलीकडे जिना होता. मी तिला ढकलले असते तर ती बाहेर कलली असती आणि जिना घेऊन खाली गेली असती. मी सरकत राहिलो. लांबट भोकातून बोल्ट मला वाट देत होता.

वर गोंधळ चालला होता.

"बाबा, उठा! खाली आग लागलीय!"

"मी खुर्चीशिवाय येत नाही."

"खुर्ची कसली घेऊन बसलात!"

"बसलोयच तर! चालता येतं का मला? खुर्चीसकट उचला, नाहीतर तुम्ही जा. मी इथेच नाव घेतो."

"नाव काय खाली नाही घेता येत?" वहिनी ओरडल्या. "धरा गं चौघी चार पाय!"

चार बायांनी चार पाय धरले. वहिनी पुढे, दोघी मागे. धुरात त्यांना दिसत नव्हते, म्हणून वहिनींनी गाणे धरले, की आवाजामागे या. आणि खोकत खोकत बाया दुसरी ओळ म्हणू लागल्या. बाबा खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते, खोटे नाही सांगत.

तेव्हा मी साडेपाचशेच्या पुढे गेलो होतो. पोट मंद लाल दिसू लागले. इथे माझी ताकद निम्मी होते. लपवत नाही मी. वितळायला मला पंधराशे अंश लागतात, गादीच्या कारखान्याची काय बिशाद! पण वितळण्याच्या फार आधी मी मऊ पडतो. मऊ पडलो की झुकतो. सहाशेच्या वर तर वजन तेवढेच असले तरी झुकणे थांबत नाही, इंचाइंचाने चालूच राहते. तसा मी झुकू लागलो. पाठीवरून खुर्ची चालली होती. काच तडकते, दगड फुटतो, दोघे आधी सांगत नाहीत. मी सांगतो. मी कुरकुरलो, छताच्या गिलाव्याचे पोपडे पाडले, जमीन उतरती केली. आणि धरून ठेवले. मागचा अर्धा, कोटातला, गार होता, ताठ होता. त्याने मला मागून ओढून धरले. एकच अंग, पण त्या दिवशी आम्ही दोन भाऊ होतो.

खुर्ची जिन्यावर गेली. शेवटची बाई उतरली. तेवढ्यात बंबवाले आत शिरले. त्यांच्या म्होरक्याने मान वर केली, माझे लोंबते पोट बघितले आणि गरजला, "गर्डर झुकलाय! मागे व्हा, बाहेरून पाणी मारा!" सगळे बाहेर पडले आणि मग वरची जमीन घसरून खाली आली. तिच्याखाली एकही माणूस नव्हता. एकही नाही! मी मात्र पाण्याखाली फसफसत दोन भिंतींमध्ये लोंबत राहिलो.

ह्याला तुम्ही हरणे म्हणता?

लोकांनी तेच म्हटले. दुसऱ्या दिवशी मेहुणेबुवा राखेत उभे राहून चारचौघांना सांगत होते, "हे बघा, कसा मेणासारखा वाकलाय! मिस्त्रीनं हलका माल घातला. चांगलं लोखंड असं वाकतं का कधी?" मालक खचला होता, त्याने मान हलवली. बघता बघता ते गावभर झाले. मिस्त्रीने ज्यांची ज्यांची छते बांधली होती ते आपापल्या छताकडे बघू लागले. मिस्त्रीने स्वतःच्या कारखान्यात जाणे सोडले. घरात भिंतीकडे तोंड करून बसायचा, असे त्याची लेक सांगे. ही लेक त्याच्याच हाताखाली तयार झालेली. आता त्याचा कारखाना तीच चालवत होती.

मला भंगारात न्यायला गाडी आली. गॅसवाल्याने नळी जोडली. मी गेलो असतो तर मिस्त्रीचे नावही माझ्याबरोबर भट्टीत गेले असते, आणि ते पुन्हा घडवता आले नसते. तेवढ्यात लेक आली, आणि उतरवून ठेवलेल्या माझ्या अंगावर बसली, सरळ मांडी घालून.

"ताई, उठा. काम आहे आम्हाला."

"मलाही आहे. तपासनीस येईपर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाही."

"वाकलेल्या लोखंडात काय बघायचंय?"

"वाकलेलं आहे ते दिसतंय तुम्हाला. कुठे वाकलंय ते बघा की!"

सरकारी तपासनीस आले. अबोल गृहस्थ, शिसपेन्सिल कानावर. त्यांनी माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला. मागचा अर्धा दोऱ्याला चिकटून सरळ. मध्यापासून पुढे, जिथे कोट नव्हता, तिथून मी दोऱ्याखाली वीतभर उतरलेलो. त्यांनी दोन्ही भागांतून एकेक तुकडा कापून नेला आणि यंत्रात ताणून तोडला. आठवड्याने येऊन सांगितले, "दोन्ही तुकडे सारखेच भरले. नव्या लोखंडाइतके. माल उत्तम आहे. थंड झाल्यावर त्यानं आपली ताकद परत मिळवलीय. लोखंड एक, आग एक. फरक फक्त अंगावरच्या गिलाव्याचा. तो कुणी काढला?"

मेहुणेबुवा म्हणाले, "आधीपासूनच नव्हता."

तेव्हा वहिनी पुढे आल्या. हात भाजल्याने पट्टीत होता. भावाकडे बघत म्हणाल्या, "बाळ, मी खाली झाडत होते. सगळा गिलावा माझ्या डोक्यावर पडला, दोनदा न्हाले मी त्या दिवशी. तू धाकटा आहेस माझा, तुझ्यासाठी मी पुष्कळ झाकलं. पण हे झाकलं तर ज्याच्या पाठीवरून बाबा खाली उतरले त्याच्याशी बेइमानी होईल. तूच सांग."

मग मेहुणेबुवांनी हातातला टेप खिशात घातला. "मी काढला," ते म्हणाले. "घोडी घासत होती म्हणून."

लेक धावत घरी गेली आणि मिस्त्रीला हाताला धरून घेऊन आली. तो माझ्याकडे आला नाही. आधी त्या भिंतीकडे गेला, शिडीवर चढला. खोबणीतला लोखंडी पाट काळवंडलेला होता, पण त्यावर एक जागा घासून लख्ख झाली होती. तिथून मी सरकलो होतो. ती खूण खोबणीच्या मागच्या बाजूला टेकायला जेमतेम दोराभर उरली असताना थांबली होती. मिस्त्रीने तिच्यावर आपली दोन बोटे ठेवली.

"पुरली," तो म्हणाला.

खालून मेहुणेबुवांनी शिडी धरली होती. मिस्त्री उतरला तेव्हा त्यांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला. मिस्त्री म्हणाला, "पाया नंतर पड. आधी उरलेल्या छतांचे कोट बघून येऊ, चल." आणि दोघे खरोखरच गेले.

पुढे मला मध्ये कापले. सरळ अर्धा नव्या शिलाईघराच्या दारावर बसला आहे, अंगभर कोट, टोकाला दोन बोटे जागा. तिथे गाणी चालतात, असे कळते. मी इथे. लेकीच्या हाताखाली जो कोणी नवीन कामाला लागतो त्याला ती आधी माझ्यापाशी आणते. एक हात माझ्या पोटावर ठेवायला लावते, दुसऱ्या हाताची दोन बोटे मोजायला लावते. परवा एकाने विचारले, "तापवून सरळ करू का ह्याला? कामाला येईल."

ती म्हणाली, "कामालाच आहे तो."

तर मित्रांनो, तुमच्या छतालाही माझा एखादा भाऊ असेल. त्याच्या अंगावरचा कोट उतरवू नका, दिसायला कितीही जाड दिसो. त्याच्या टोकाशी जागा असेल ती बुजवू नका. माणसांनाही तेवढी ठेवा. आणि कोणी तापल्यावर झुकलेला दिसला तर त्याला हलका माल म्हणण्याआधी दोरा लावून बघा, आणि त्याच्या पाठीवरून कोण उतरून गेले ते विचारा.

माझ्या पाठीवरून आठ माणसे आणि एक खुर्ची गेली. मला सरळ करू नका.